जॉनी कॅशचे ग्रेटेस्ट हिट्स गोळा करताय? आधी हे वाचा

अरे वा, रेकॉर्ड गोळा करायला जॉनी कॅश या अमेरिकन कंट्री गायकापासून सुरुवात करतोयस म्हणजे मस्तच, पण दिसेल ती हिट्सची रेकॉर्ड उचलू नकोस. त्याच्या करिअरचे साधारण दोन मोठे भाग, १९५५ ते ५८ मेम्फिसची सन ही रेकॉर्ड कंपनी आणि नंतर १९८६ पर्यंत कोलंबिया. गोम अशी की कंपनी बदलली की जुनी गाणी परत रेकॉर्ड व्हायची, त्यामुळे गाणं तेच पण रेकॉर्डिंग वेगळं. 'आय वॉक द लाइन' मूळ १९५६ चं सनचं, पण कोलंबियाच्या १९६७ च्या ग्रेटेस्ट हिट्सवर आहे ते १९६४ ला परत गायलेलं. १९८८ चं 'क्लासिक कॅश' तर अख्खंच नव्याने केलेलं. वाईट नाही रे, पण मूळ समजून घेऊ नकोस.

'आय वॉक द लाइन'चं मूळ कसं ओळखायचं? हेडफोन लाव. ड्रम नाहीयेत, कॅशने गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवला होता त्याची खरखर ड्रमसारखी वाजते आणि प्रत्येक कडव्याआधी तो हलकं गुणगुणतो, पट्टी बदलते ना म्हणून. मला तर ती खरखर ऐकली की अजून काटा येतो!

एकच घ्यायची असेल तर २००२ ची 'द इसेन्शियल', दोन सीडी, सन आणि कोलंबिया दोन्ही एकत्र. सनची गाणी मोनोच (दोन्ही कानांत एकच आवाज) घे, कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' दिसलं तर ठेव परत, मोनोलाच ओढूनताणून दोन बाजूंना पसरवलेलं असतं ते. आणि कव्हरच्या मागे रेकॉर्डिंगचं वर्ष बघितल्याशिवाय पैसे काढू नकोस.