बंद झालेल्या जुन्या मॉडेलची ऑनलाइन किंमत नव्यापेक्षाही कैकपट का दिसते?

अनेकदा ती किंमत माणसाने ठरवलेलीच नसते. विक्रेत्यांची सॉफ्टवेअर एकमेकांचे भाव बघून आपले बदलत राहतात. २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनवर माशीच्या जीवशास्त्रावरचं एक जुनं पुस्तक असंच सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलरवर पोचलं. एक विक्रेता दुसऱ्याच्या ०.९९८३ पट भाव लावायचा, दुसरा पहिल्याच्या १.२७ पट, चढाओढ थांबणार कशी? वर टपालखर्च ३.९९ डॉलर वेगळा!

कधी माल संपलेला असतो, पण साइटवरचं त्या वस्तूचं पान काढायचं नसतं, म्हणून कोणी घेणारच नाही असा आकडा टाकून ठेवतात. क्वचित एखाद्याचं जुनं मशीन अशाच एखाद्या बंद झालेल्या सुट्या भागावाचून अडलेलं असतं आणि तो निमूट मोजतो. तुमचं तसं नसेल तर सरळ वापरलेला पीस शोधा.