सेन नदीवरच्या पहिल्या सफरीआधी

पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या सफरीची तारीख ठरवताना आधी जिव्हर्नीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. चित्रकार क्लोद मोने १८८३ पासून १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे राहिला. त्याने स्वतः आखलेली बाग हिवाळ्यात बंद असते आणि तळ्यातील कुमुदिनींचा बहर पाहायचा असेल, तर जुलै-ऑगस्टच उत्तम. बोट व्हर्नोंला थांबते, तेथून बाग सुमारे ५ किलोमीटरवर आहे. बोटीत चढण्यापूर्वी पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयातील त्याची भव्य कुमुदिनी-चित्रे अवश्य पाहावीत, कारण ती डोळ्यांत साठवून तळ्याकाठी उभे राहण्याचा आनंद वेगळाच असतो.

लेझांदली येथे इंग्लंडचा राजा रिचर्ड याने ११९६ ते ११९८ या काळात बांधलेला शातो गायार किल्ला आहे. चढ बऱ्यापैकी उभा आहे, पण वरून दिसणारे नदीचे वळण आणि खडूचे पांढरे कडे पाहिल्यावर श्रम विसरले जातात.

रूआंसाठी मात्र पूर्ण दिवस राखावा. १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला जेथे जिवंत जाळले, तो बाजारचौक येथेच आहे. मोनेने ज्या कॅथेड्रलची तिसाहून अधिक चित्रे काढली, त्याच्यासमोर सकाळी एकदा आणि सूर्य कलल्यावर पुन्हा उभे राहावे. दगडाचा रंग कसा पालटतो, हे तेव्हाच उमगते.