चार महिने उड्डाण नसेल, तर ड्रोनच्या बॅटऱ्या भरून ठेवाव्यात की रिकाम्या?

तुमच्या प्रश्नातील परिस्थिती अशी आहे: घडी होणाऱ्या कॅमेरा ड्रोनच्या तीन स्मार्ट, म्हणजे आत स्वतःचे नियंत्रक सर्किट असलेल्या, बॅटऱ्या आणि छोट्या एफपीव्ही क्वाडचे (कॅमेऱ्यातील थेट दृश्य पाहून उडवायच्या चार पंख्यांच्या ड्रोनचे) चार सेलांचे, १५०० एमएएच (मिलीॲम्पिअर-तास) क्षमतेचे चार लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅक तुमच्याकडे आहेत. पुढील चार महिने उड्डाण होणार नाही, म्हणून त्या ‘मरू नयेत’ या हेतूने सर्व पूर्ण भरून कपाटात ठेवल्या आहेत. त्यांतील एक स्मार्ट बॅटरी नुसती पडून असताना कोमट लागते, आणि एक लायपो पॅक किंचित फुगलेला दिसतो. भरून ठेवाव्यात की रिकाम्या, या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही नाही’ असे आहे. लिथियम बॅटरी दीर्घकाळ ठेवायची असेल, तर ती निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवावी, आणि हे काम पुढच्या आठवड्यावर न ढकलता शक्यतो आजच करावे.

भरून ठेवण्याची सवय कुठून आली असावी, हे समजण्यासारखे आहे. वाहनातील किंवा इन्व्हर्टरमधील शिसे-आम्लाची बॅटरी अर्धवट स्थितीत ठेवली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमून ती निकामी होते. ती भरूनच ठेवावी लागते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या उलट रिकाम्या ठेवल्या तरी चालत. हे दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर असले, तरी लिथियमला त्यांतील एकही लागू होत नाही.

लायपोचा सेल पूर्ण भरतो तेव्हा त्याचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, ४.२० व्होल्ट असतो. या स्थितीत अग्रांच्या (इलेक्ट्रोडांच्या) पृष्ठभागावर विद्युत-अपघटनीचे, म्हणजे आतील द्रवाचे, हळूहळू विघटन चालू राहते. ऋण अग्रावरील संरक्षक थर जाड होत जातो, त्यात कामाचे लिथियम अडकते, सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि काही प्रमाणात वायू तयार होतो. तापमान जितके जास्त, तितका हा क्षय वेगवान होतो. त्यामुळे पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आल्या, की न वापरलेली बॅटरीही म्हातारी होते. ‘मी तर ती फारशी वापरलीच नाही, मग फुगली कशी?’ असे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पॅक उड्डाणात खराब झालेले नसतात. ते कपाटात, भरलेल्या अवस्थेत खराब झालेले असतात.

दुसरे टोक याहून घातक आहे. रिकामी बॅटरी ठेवली, तर स्वतःच्या गळतीने आणि स्मार्ट बॅटरीच्या बाबतीत तिच्या आतील सर्किटच्या खर्चाने दाब आणखी उतरत जातो. तो फारच खाली गेला, तर ऋण अग्रामागील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबे नको त्या जागी साचून सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते. भरून ठेवलेली बॅटरी क्षमता गमावते, तर पार उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज करताना पेट घेऊ शकते, हा या दोन चुकांमधला फरक आहे.

मधली पातळी म्हणजे नेमकी किती, हे लायपोच्या बाबतीत व्होल्टमध्ये सांगता येते. प्रति सेल ३.८० ते ३.८५ व्होल्ट ही साठवणुकीची पातळी होय; तुमच्या चार सेलांच्या पॅकसाठी एकूण १५.२ ते १५.४ व्होल्ट. पॅकवर ‘एचव्ही’ असे लिहिलेले असेल, म्हणजे तो ४.३५ व्होल्टपर्यंत भरणारा असेल, तरी साठवण ३.८५ च्या आसपासच ठेवावी. हे मोजमाप बॅटरी काही वेळ शांत पडून राहिल्यानंतर करावे. ड्रोन उतरताच मोजले, तर नुकत्याच ओढलेल्या प्रवाहामुळे दाब खाली दिसतो आणि पुढील काही मिनिटांत तो आपोआप वर येतो, उड्डाणात ३.५ दाखवणारा सेल विसाव्यानंतर ३.७ च्या जवळ दिसणे अगदी सामान्य आहे.

आता तुमच्या भरलेल्या लायपो पॅकांचे काय करावे? चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाचा मोड असतो. त्यात सेलांची संख्या व बॅटरीचा प्रकार नीट निवडून, बॅलन्स लीड (प्रत्येक सेल वेगळा मोजण्यासाठीची पॅकची छोटी वायर) जोडून पॅक लावला, की चार्जर स्वतःच वर किंवा खाली नेऊन थांबतो. मात्र येथे एक व्यावहारिक अडचण आहे, जी माहितीपुस्तिकेत ठळकपणे लिहिलेली नसते. तुमच्या एका पॅकमध्ये १४.८ व्होल्ट (चार सेलांचा सरासरी दाब) गुणिले १.५ ॲम्पिअर-तास, म्हणजे सुमारे २२ वॉट-तास ऊर्जा आहे. त्यातील निम्मी, म्हणजे ११ वॉट-तास बाहेर काढायची आहे. लहान चार्जरची डिस्चार्ज करण्याची ताकद बहुधा ५ वॉटच्या आसपास असते. म्हणजे एका पॅकला दोन तासांहून अधिक वेळ लागेल आणि चार पॅकांत अख्खा दिवस जाईल. याउलट, उड्डाणाहून परतलेला, जवळजवळ रिकामा पॅक साठवणुकीच्या पातळीपर्यंत वर न्यायला १सी दराने, म्हणजे पॅकच्या क्षमतेइतक्या प्रवाहाने (तुमच्या पॅकसाठी १.५ ॲम्पिअरने), वीस-एक मिनिटे पुरतात. माझा नवोदितांना एकच आग्रह असतो, तो याच हिशेबातून आलेला आहे: चार्जिंग हे उड्डाणाच्या आदल्या रात्री करण्याचे काम आहे, परतल्यानंतरच्या संध्याकाळी करण्याचे नव्हे. परतल्यावर फक्त स्टोरेज मोड लावावा. बेत रद्द होऊन पॅक भरलेलेच राहिले, तर दोन-तीन दिवस वाट पाहायला हरकत नाही. त्यापुढे मात्र ते खाली आणावेत.

शक्य असेल, तर चांगल्या स्थितीतील तीन पॅक एखाद्या मोकळ्या जागी जमिनीलगत उडवून खाली आणणे हा सर्वांत जलद मार्ग आहे. फुगलेला चौथा पॅक त्यात घेऊ नये. त्याविषयी पुढे लिहितो.

स्मार्ट बॅटरीचा कोमटपणा हा बिघाड नसावा. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या अनेक मॉडेलांच्या बॅटऱ्या भरलेल्या अवस्थेत काही दिवस पडून राहिल्या, की आतील सर्किट स्वतःच त्यांचा चार्ज साधारण ६० टक्क्यांपर्यंत उतरवते, आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हे किती दिवसांनी सुरू होते, ते मॉडेलागणिक बदलते. काही जुन्या मॉडेलांत हा कालावधी ॲपमधून ठरवताही येतो. म्हणून तुमची बॅटरी कोमट लागत असेल, तर ती तिचे काम करीत आहे असे समजावे. हाताला चटका बसावा इतकी ती गरम असेल किंवा काही दिवसांनंतरही गरम राहत असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. तोपर्यंत ती कापडात गुंडाळू नये आणि इतर बॅटऱ्यांच्या चवडीत दाबून ठेवू नये.

या स्वयंचलित सोयीवर पूर्ण विसंबणेही बरे नाही. ती वरून खाली आणते. खालून वर नेत नाही. उड्डाणानंतर १० टक्क्यांवर आलेली स्मार्ट बॅटरी तशीच ठेवली, तर काही काळाने ती निद्रावस्थेत जाते आणि चार्जरला लावल्याशिवाय जागी होत नाही. त्याच स्थितीत आणखी काही महिने गेले, तर ती कायमची बंद होऊ शकते. म्हणून ठेवण्यापूर्वी बटण एकदा दाबून दिवे पाहावेत. चार दिव्यांच्या बॅटरीत दोन दिवे म्हणजे ढोबळमानाने निम्मा चार्ज, आणि तेवढाच हवा आहे. बॅटऱ्या ड्रोनमधून काढून वेगळ्या ठेवाव्यात आणि साधारण तीन महिन्यांनी एकदा बाहेर काढून चार्ज-डिस्चार्जचे एक चक्र पूर्ण करावे, म्हणजे सेलही ठीक राहतात आणि आतील टक्केवारीचा हिशेबही जागेवर राहतो. तुमच्या चार महिन्यांत हे एकदा करावे लागेल.

लायपो पॅकांना असा पहारेकरी नसतो, पण त्यांची गळतीही फार थोडी असते; महिन्यातून एकदा सेलनिहाय व्होल्टेज तपासणे पुरेसे आहे. केवळ एकूण आकडा पाहू नये, कारण तीन सेल ३.८४ वर आणि चौथा ३.७० वर असला, तरी एकूण बेरीज फारशी संशयास्पद वाटत नाही. इतरांच्या तुलनेत एकच सेल दर महिन्याला खाली सरकत असेल, तर त्या पॅकला निरोप देण्याची वेळ जवळ आली आहे, असे माझे मत आहे. बॅलन्स चार्जिंगने आकडे पुन्हा जुळतात, पण सेलमधील गळती थांबत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: व्होल्टेज कमी झाल्यावर बीप देणारा जो छोटा अलार्म बॅलन्स लीडवर लावतात, तो ठेवताना काढून घ्यावा. तो सतत थोडा प्रवाह ओढतो आणि तोही सर्व सेलांतून सारखा ओढेलच असे नाही, त्यामुळे सुदृढ पॅकही काही आठवड्यांत असंतुलित होऊन खोलवर उतरू शकतो.

जागेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोरडी, सावलीतील, १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहणारी जागा चांगली. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बॅटरी कधीही सोडू नये. फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. कमी तापमानाने क्षय मंदावतो हे खरे, पण बाहेर काढताना पॅकवर दव जमते, आणि योग्य पातळीवर ठेवलेल्या बॅटरीला त्या खटाटोपाची गरज नसते. लोखंडी पेटी वापरणार असाल, तर तिच्या झाकणाचे रबरी सील काढून टाकावे, कारण सेल पेटलाच, तर वायू बाहेर पडायला वाट हवी. हवाबंद पेटी अशा वेळी आगीपेक्षा धोकादायक ठरते. अग्निरोधक पिशवी उपयोगी आहे, पण ती ज्वाळा काही प्रमाणात अडवते, धूर नाही. आणि तो धूर हायड्रोजन फ्लोराइडमुळे विषारी असतो. प्रत्येक पॅकच्या मुख्य कनेक्टरला टोपी लावावी. सुट्ट्या किल्ल्या, स्क्रू किंवा प्रोपेलरचे नट त्याच पेटीत टाकू नयेत.

आता फुगलेल्या पॅकविषयी. काही पॅक जोरदार उड्डाणानंतर गरम असताना थोडे मऊ-फुगीर लागतात आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतात. तुमचा पॅक मात्र अनेक दिवस पडून असताना, थंड अवस्थेत फुगलेला आहे. म्हणजे आत वायू साचला आहे आणि तो परत जाणार नाही. हा पॅक पुन्हा चार्ज करू नये. सुई टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. आवरण शाबूत असेल, तर तो मोकळ्या हवेत, फरशीवर किंवा वाळूवर ठेवून, समोर थांबून, २४ व्होल्टच्या वाहनाच्या बल्बसारख्या साध्या भाराने पूर्ण उतरवावा. आवरण फाटलेले असेल किंवा गोडसर, द्रावकासारखा वास येत असेल, तर हेही स्वतः करू नये. पॅक घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर, वाळूत ठेवून ई-कचरा संकलन केंद्राशी आधी बोलावे. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय फार सांगितला जातो, पण त्यात बाहेरची धातूची टोके आधी गंजून तुटतात आणि चार्ज आतच अडकून राहू शकतो. वरून पाहता पॅक निर्धोक झाल्यासारखा वाटतो, हाच त्यातला धोका. उतरवलेल्या पॅकच्या तारांची टोके एकेक करून, वेगवेगळ्या वेळी कापावीत. दोन्ही तारा एकाच कात्रीत आल्या, तर उरल्यासुरल्या चार्जचाही शॉर्ट होतो. टोकांवर टेप लावून मगच पॅक केंद्रात द्यावा. तो घरच्या कचऱ्यात जाता कामा नये.

स्मार्ट बॅटऱ्यांची कवचे कठीण असल्याने त्यांचे फुगणे सहज दिसत नाही. बॅटरी सपाट काचेवर ठेवून चारही कोपरे बोटाने हलके दाबून पाहावेत. ती डुगडुगत असेल, कवचाचा सांधा उघडू लागला असेल किंवा ड्रोनच्या खाचेत बसताना पूर्वीपेक्षा अडत असेल, तर ती बाजूला काढावी. अशा बॅटरीची खटकी नीट बसत नाही, आणि ती हवेत सुटली, तर ड्रोन सरळ खाली येतो.

चार महिन्यांनंतर पुन्हा सुरुवात करताना लायपो पॅकांचे पहिले चार्जिंग निम्म्या दराने, म्हणजे ०.७५ ॲम्पिअरने, समोर बसून करावे. कोणताही सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेला आढळला, तर चार्जर तो बहुधा नाकारील. अशा वेळी निकेल बॅटरीचा मोड निवडून त्याला ‘जागे’ करण्याच्या युक्त्या करू नयेत. बॅटरी थंड असेल, तर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, कारण शून्य अंशाखाली चार्ज करताना लिथियम ऋण अग्रात शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपात साचते आणि ते नुकसान भरून येत नाही. पहिल्या उड्डाणात दोन-तीन मिनिटे कमी उंचीवर एका जागी तरंगत राहून ॲपमधील किंवा ओएसडीवरील (कॅमेरा-दृश्यावर उमटणाऱ्या आकड्यांतील) व्होल्टेज पाहावे. तरंगतानाच ते झपाट्याने कोसळत असेल, तर अंतर्गत रोध वाढलेला आहे. तो पॅक वेगवान उड्डाणासाठी वापरू नये.