केशरी डायलचं जुनं सिको फाईव्ह : मागचा नंबर खरा, मग घड्याळ खरं का?

तुमचा प्रश्न असा : चोर बाजारातून जुनं ऑटोमॅटिक सिको फाईव्ह घेतलं. चावी चारच्या जवळ, डायल झगझगीत केशरी, मागच्या झाकणावर ७००९-८७६ए आणि २ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर. दुकानदार म्हणतो ‘सगळं ओरिजिनल’. तर हे मॉडेल कुठलं?

फोटो न बघताही मी पैज लावीन की डायल रंगवलेली आहे. बाकीचं तपासायला लागेल. जुन्या सुट्या भागांतून जुळवून, डायल नव्याने रंगवून विकल्या जाणाऱ्या अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्यासाठी फारसं भूषणावह नाही, पण नाव पडलंय खरं.

मागचा नंबर फक्त झाकणाची आणि झाकण ज्या बॉडीसाठी बनलं तिची ओळख सांगतो. ७००९ म्हणजे मशीन, ८७६ए म्हणजे बॉडी. सहा आकड्यांतला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना : १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, ० ऑक्टोबर, एन नोव्हेंबर, डी डिसेंबर. दशक त्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे तुमचा २ हा १९८२ चा असेल किंवा १९९२ चा. १९७२ चा नाही, कारण तेव्हा ७००९ मशीन निघालंच नव्हतं. आणि झाकण दोन मिनिटांत बदलता येतं, म्हणून इथे थांबू नका.

आता डायल. दहापट भिंग घ्या आणि सहाच्या खाली, अगदी कडेला बघा. मूळ डायलवर तिथे बारीक अक्षरांत ‘जपान’बरोबर डायलचा नंबर असतो. त्याचे पहिले चार आकडे मशीनशी जुळायलाच हवेत. पुढचे झाकणाशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. उदाहरणार्थ सिकोच्याच एसकेएक्स००७ या डायव्हर (पाणबुड्यांसाठीच्या) घड्याळाच्या झाकणावर ७एस२६-००२० असतं आणि डायलवर ७एस२६-००२९, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्या डायलवर ६११९ असा दुसऱ्याच मशीनचा नंबर दिसला किंवा नंबरच नसला, तर उत्तर मिळालं.

त्याच भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाईची कड धारदार असते. रंगवलेल्या डायलवर शाई किंचित पसरलेली दिसते, ‘ऑटोमॅटिक’ची अक्षरं कमीजास्त जाड होतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या उठावदार खुणांच्या नेमक्या मध्यावर येत नाहीत. वार-तारखेच्या खिडकीची आतली कड खास बघा : तिथे रंगाचा जाड थर किंवा ओघळ सापडतो, कारण ब्रश आणि फवारा दोन्ही तिथेच फसतात.

खिडकीतच आणखी एक खूण आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात भरवशाची. चावी चारजवळ असली की मशीन बॉडीत पंचवीस-तीस अंश फिरवून बसवलेलं असतं, म्हणून अशा मशीनच्या वार-तारखेच्या चकत्यांवर छपाईही तेवढीच फिरवून केलेली असते. तीनला चावी असलेल्या मशीनची चकती यात टाकली तर वार आणि तारीख तिरकी दिसते. रंगवणाऱ्याच्या हाताबाहेरची ही गोष्ट आहे. डायलचंही तसंच : तीनला चावी असलेल्या घड्याळाची डायल यात बसवायला गेलं तर तिचे मागचे पाय (बारीक खुंट्या) मशीनच्या भोकांवर येत नाहीत, मग ते छाटून डायल डिंकाने चिकटवतात. कालांतराने ती सरकते आणि बाराची खूण बॉडीच्या मध्यापासून ढळते.

काट्यांचं तपासणं सोपं आहे. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे. दुसऱ्या मशीनचे काटे भोक दाबून बसवलेले असले तर ते घसरतात : बरोबर बारा वाजता तासकाटा बाराच्या अलीकडे-पलीकडे राहतो. चावीवर नाव नाही म्हणून मात्र घाबरू नका. सिको फाईव्हच्या कित्येक मूळ चाव्या कोऱ्याच असतात. मूळ चावी बॉडीच्या खाचेत दबलेली असते. बाहेर डोकावणारी जाड चावी बदललेली समजा.

मशीन उघडण्याआधी एक चाचणी. ७००९ ला हाताने चावी देता येत नाही आणि चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही. चावी फिरवून स्प्रिंग भरत असल्याचं हाताला जाणवलं, तर आत दुसरंच काही आहे. पहिल्या टप्प्यावर ओढून एका बाजूला फिरवलं की तारीख आणि दुसऱ्या बाजूला वार बदलतो. हे रात्री ९ ते पहाटे ४ च्या दरम्यान करू नका. तेव्हा तारखेचं चाक आधीच गुंतलेलं असतं आणि दात तुटू शकतो.

झाकणाला खाचा असतील तर ते आट्यांचं, तीन टोकी पान्याने उघडतं. कडेला एकच ओठ असेल तर दाबाचं, पातं लावून. आत रोटरवर (हात हलला की फिरून स्प्रिंग भरणाऱ्या अर्धगोल वजनावर) ‘सिको’ आणि ‘१७ ज्वेल’ (मशीनमधल्या खड्यांची संख्या) कोरलेलं हवं. रोटर बाजूला सरकवून बॅलन्सजवळ (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाजवळ) कोरलेला मशीनचा नंबर वाचा, नुसत्या रोटरवर विसंबू नका. तो एका स्क्रूवर निघतो. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या आणि डोकी वेगवेगळ्या रंगांची असतील तर मशीन दोन-तीन मशीन मिळून झालंय.

मशीन ७००९ निघालं, बॉडी ८७६ए च्या जुन्या फोटोंशी जुळली आणि फक्त डायल खोटी ठरली, तर घड्याळ ठेवा, सर्व्हिसिंग करून वापरा. मूळ डायल शोधत बसू नका. ती सुस्थितीत मिळाली तर बहुतेक या अख्ख्या घड्याळाहून महाग पडेल. पुढे विकायचं झालंच तर ‘डायल रंगवलेली’ हे शब्द जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा.