बहिणीला लस लागू पडली, मला का नाही?

प्रश्न: मी मिरजेत (जि. सांगली) नर्स आहे. धाकटीने आणि मी हिपॅटायटिस बी लसीचे तीनही डोस एकत्रच घेतले. तिचा टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) भरपूर, माझा 10 च्याही खाली. लस खराब होती का?

उत्तर: ताई, लसीवर खापर फोडू नका. सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुकं लसीतल्या प्रथिनाचा तुकडा टी-पेशींपुढे (शरीराचा बचाव जागा करणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे) धरतात. काही प्रकारांना हा तुकडा नीट धरताच येत नाही. सख्ख्या बहिणींतही ही जनुकं तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. वय, वजन, सिगारेटही आड येतात. सिगारेटचं तुम्हाला विचारत नाही! पुन्हा तीन डोस घ्या, महिन्या-दोन महिन्यांनी टायटर बघा. बऱ्याच जणांचा तेव्हा वाढतो. नाहीच वाढला, तर एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा संसर्ग आधीच आहे का, हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. आणि वापरलेली सुई टोचली, तर त्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल) डॉक्टरांना विचारा, ड्युटी संपायची वाट बघू नका.