रक्त कोणासाठी द्यावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रक्तदानाविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत नात्यातल्या रक्ताविषयीचा एकच गैरसमज पुन्हा पुन्हा आढळला, म्हणून हे उत्तर आता लांबवणे योग्य वाटत नाही.

प्रश्न : निरनिराळ्या समाजांत लोक एकाच कारणासाठी रक्तदान करतात का?

उत्तर : नाही. लंडनमध्ये पर्सी लेन ऑलिव्हर यांनी १९२१ साली अनोळखी रुग्णांसाठी स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची यादी तयार केली आणि ब्रिटनमध्ये पुढे रक्तदान हे नागरिकाचे कर्तव्य मानले जाऊ लागले. मुहर्रममधील आशुराच्या शोकात स्वतःला जखमा करून रक्त सांडण्याऐवजी ते रुग्णांना द्यावे, असे आवाहन अनेक शिया धर्मगुरूंनी केले आणि त्या दिवशीचे रक्तदान अनेक ठिकाणी श्रद्धेचाच भाग झाले. याउलट चीनमध्ये, रक्त गेले की प्राणशक्ती उणावते या जुन्या समजुतीमुळे अनोळखी माणसाला रक्त देण्यास कचरणारे अनेक जण आजही आढळतात. घरातल्या माणसासाठी मात्र तेच धावून येतात.

प्रश्न : रक्त दिल्याने कायमचा अशक्तपणा येतो का?

उत्तर : निरोगी व्यक्तीला येत नाही. रक्तातील द्रव एक-दोन दिवसांत आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात, परंतु लोहाची भरपाई होण्यास काही महिने लागू शकतात. पूर्वी रक्तक्षय झाला असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : परक्याच्या रक्तापेक्षा सख्ख्या भावाचे किंवा मुलाचे रक्त अधिक सुरक्षित, असे सर्वच सांगतात. हे खरे ना?

उत्तर : हे खरे नाही, आणि केवळ ऐकीव माहितीवर विसंबून रुग्णाच्या जिवाशी संबंधित निर्णय घेतले जातात, याचे मला अतिशय दुःख होते. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की रुग्णाची प्रतिकारशक्ती त्यांना परक्या म्हणून ओळखतच नाही. मग त्या पेशी शरीरात टिकून राहतात, वाढतात आणि रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करतात. हा विकार विरळा असला तरी बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. म्हणूनच नातेवाइकाचे रक्त द्यायचेच असेल, तर त्यावर आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करणे आवश्यक असते. पुढे अपत्य हवे असलेल्या स्त्रीला पतीचे रक्त शक्यतो देऊ नये, कारण त्यामुळे तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये पुढच्या गर्भाला बाधू शकतात.

दुसरा धोका मनाचा आहे. रक्तपेढीतील प्रश्नावलीला दात्याने दिलेली खरी उत्तरे हीच सुरक्षिततेची पहिली पायरी असते. संसर्ग नुकताच झाला असेल, तर ‘विंडो पीरियड’मध्ये प्रयोगशाळेची चाचणीही तो चुकवू शकते. सगळे कुटुंब शेजारी उभे असताना ‘मी रक्त देऊ शकत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य किती जणांना होईल? रुग्णाला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा ‘बदली दाता’ आणा म्हणून नातेवाइकांना ताटकळत ठेवले, की पैसे घेऊन ‘भाऊ’ होणारा माणूसही दारात उभा राहतो. इराणने २००७ साली बदली दात्यांची पद्धत पूर्णपणे बंद केली. मग इतरांनी आणखी किती काळ थांबायचे? नातेवाइकाचे रक्त दिले जाणार असेल, तर ते नाते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि रक्तपेढीला अवश्य सांगावे.

प्रश्न : पैसे दिले तर दाते वाढणार नाहीत का?

उत्तर : दाते वाढतीलही, पण आजार लपवण्याचे कारणही वाढेल. जपानमध्ये रक्तविक्री सर्रास चालत असताना १९६४ साली अमेरिकेचे राजदूत एडविन रायशावर यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि उपचारात दिलेल्या रक्तातूनच त्यांना यकृतदाह झाला; त्याच वर्षी जपानच्या मंत्रिमंडळाने ऐच्छिक रक्तदानाचा पुरस्कार करण्याचा निर्णय घेतला. पैसे दिल्याने दाते नेहमी वाढतातच असेही नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झालेल्या एका प्रयोगात मोबदला देऊ केल्यावर रक्तदानास तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले आणि तीच रक्कम धर्मादाय कार्याला देण्याची मुभा मिळताच ही घट नाहीशी झाली. महागड्या भेटवस्तूंची लालूच दाखवून भरवलेल्या शिबिरांकडे मी याच कारणाने साशंकतेने पाहतो.

प्रश्न : एचआयव्हीची चाचणी मोफत होते म्हणून रक्तदान करावे का?

उत्तर : कदापि करू नये. शंका असल्यास चाचणी केंद्रात जावे आणि तेथील समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलावे. आपल्या शंकेचा भार अनोळखी रुग्णावर टाकू नये.

प्रश्न : रक्तदानाने शरीर शुद्ध होते, असे एका जाहिरातीत वाचले.

उत्तर : होत नाही. ज्यांच्या शरीरात आजारामुळे अतिरिक्त लोह साठते, त्यांचे रक्त उपचार म्हणून काढले जाते, पण तो निर्णय जाहिरात नव्हे, तर तज्ज्ञ डॉक्टर तपासणी करून घेतात.

प्रश्न : माझ्या नात्यातील एक व्यक्ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची आहे आणि धर्मश्रद्धेमुळे रक्त घेण्यास नकार देते. शस्त्रक्रिया होऊ शकेल का?

उत्तर : अनेकदा होऊ शकते, मात्र त्यासाठी रक्तक्षयावर आधीच उपचार करावे लागतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर काही आठवडे आधी शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ या दोघांना भेटावे.