मोज्यांपासून सुरुवात कर

नव्यानं कोचिंग सुरू करतोयस, म्हणून सांगतो. डावपेच हळूहळू जमतील, आधी जॉन वूडन कसे जगले ते बघ. अमेरिकेतल्या यूसीएलए या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला त्यांनी 1964 ते 1975 या काळात 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. एवढा मोठा कोच, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवायचे? मोजे घालायला! टाचेपाशी, बोटांपाशी हात फिरवून एकही सुरकुती राहिली नाही ना ते बघायचं, मग नाडी नीट ओढून बूट घट्ट बांधायचा. सुरकुती राहिली की फोड, आणि फोड आला की सराव बुडाला. तूही हे खाली बसून स्वतः करून दाखव.

सराव ते मिनिटामिनिटाचा आखायचे, कार्डावर लिहून. हे तर करच. सराव ठरल्या वेळी संपतो आणि तू वेळेवर घरी पोचतोस. मी सुरुवातीची काही वर्षं हे केलं नाही. मुलीचं लहानपण मला फोटोंतच बघावं लागलं, अजून जीव तुटतो.

वूडन सामन्याआधी प्रेक्षकांत बसलेल्या नेलकडे, आपल्या बायकोकडे वळून खूण करायचे. 1985 मध्ये ती गेली. त्यानंतर दर महिन्याच्या 21 तारखेला ते तिला पत्र लिहून तिच्या उशीवर ठेवायचे.

हंगामाचं वेळापत्रक हातात आलं की आधी घरच्यांचे दिवस त्यात लिही. जादा सराव उरलेल्या जागेत बसव.